संत्र्यांच्या देशाची वाट विचारणारा पोरगा

एका जर्मन कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणात तिचा नायक, घर सोडून निघालेला एक पोरगा, रस्त्यावरच्या एका शेतकऱ्याला थांबवून इटलीची वाट विचारतो. शेतकऱ्यानं इटलीचं नाव ऐकलेलं नाही. मग पोरगा समजावून सांगतो की जिथं संत्री पिकतात, तो देश. त्यावर शेतकरी जे म्हणतो ते आपल्याकडच्या बोलीत सांगायचं तर ‘तुह्या संत्र्याचं मले काय करा लागते बाप्पा!’ आणि तो आपल्या वाटेनं निघून जातो. योसेफ फॉन आयशेनडॉर्फ या जर्मन लेखकाच्या ‘टाउगेनिश्ट्स’ या छोट्या कादंबरीतली ही चार-पाच वाक्यं नागपुरात कुणालाही मोठ्यानं वाचून दाखवावीत, हसू आल्याशिवाय राहणार नाही. मूळ शब्द ‘पोमेरान्त्स’ आहे. ते फळ म्हणजे आपलं सुट्या सालीचं गोड संत्रं नव्हे. त्याच गोतावळ्यातलं, पण कडू, जाड सालीचं, मुरंब्याला वापरतात ते. तरी मराठीत सरळ ‘संत्री’च म्हणावं, कारण गंमत फळाच्या जातीत नाही. घर सोडून निघालेल्या या मुलाचा इटलीविषयीचा सगळा भूगोल एका फळात संपतो, गंमत त्याची आहे. नकाशा नाही, भाषा येत नाही, इटलीत काही कामही नाही. खांद्याला व्हायोलिन तेवढं आहे.

पुस्तकाचं पूर्ण जर्मन नाव ‘आउस देम लेबेन आइनेस टाउगेनिश्ट्स’. ‘टाउगेनिश्ट्स’ म्हणजे जो कशालाच उपयोगी नाही असा माणूस. मराठीत ‘उडाणटप्पू’ जवळ जातो, पण त्यात थोडी मग्रुरी येते. ‘बिनकामाचा’ जास्त बरोबर, कारण बाप पोराला ज्या सुरात रागावतो तो सूर त्यात आहे. पूर्ण कादंबरी १८२६ साली बर्लिनमध्ये छापली गेली. दहा प्रकरणं, शंभरेक पानं, दोन रविवारच्या दुपारी आरामात संपेल एवढी. लेखकाचा जन्म १७८८ चा, सायलेशियातल्या जमीनदार घराण्यातला. घरचा जमीनजुमला कर्जात गेल्यावर तो प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या सरकारी नोकरीत शिरला आणि आयुष्याची बरीच वर्षं त्यानं फायली हाताळण्यात काढली. इटलीत तो कधी गेलाच नाही. ही शेवटची गोष्ट वाचताना ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होतो.

कथा सुरू होते ती पाणचक्कीच्या दारात. छपरावरचा बर्फ वितळून टपटपतोय, चिमण्या किलबिलाट करताहेत, पोरगा उंबऱ्यावर बसून डोळे चोळतोय आणि पहाटेपासून चक्कीत राबणारा बाप रात्रीच्या टोपीतच बाहेर येऊन त्याला हाकलतो, जा, बाहेर जाऊन स्वतःची भाकर कमव. पोरगा मनात म्हणतो, ठीक, आता जगात जाऊन नशीब काढतो. गावातून बाहेर पडतो आणि गाऊ लागतो. मागून दोन बायकांची बग्गी येते, त्यांना त्याचं गाणं आवडतं, त्या विचारतात कुठं निघालास. कुठं निघालोय हे त्यालाच माहीत नसल्यामुळे तो ओशाळतो आणि ठोकून देतो की व्हिएन्नाला. (मूळ छपाईत शहराचं नाव नुसत्या आद्याक्षरानं दिलं आहे.) बायकाही तिकडेच चाललेल्या. बग्गीच्या मागच्या पायरीवर उभा राहून तो व्हिएन्नाजवळच्या एका वाड्यावर पोचतो, बागेत माळ्याच्या हाताखाली लागतो आणि त्या दोघींतल्या तरुण, सुंदर बाईच्या प्रेमात पडतो. इथून पुढं जे घडतं ते सगळं एका गैरसमजावर उभं आहे, आणि मग दुसऱ्यावर, आणि मग तिसऱ्यावर.

दुसरं प्रकरण या पुस्तकाचं सर्वांत पक्कं प्रकरण आहे. वाड्याजवळच्या रस्त्यावरचा जकात नाका सांभाळणारा माणूस मरतो आणि ती जागा या पोराला मिळते. नोकरीबरोबर मेलेल्या नाकेदाराचा संसारही हाती येतो, म्हणजे पिवळ्या ठिपक्यांचा लाल झगा, हिरव्या सपाता, रात्रीची टोपी आणि लांब नळीच्या काही चिलमी. झगा अंगावर चढतो आणि पोरगा ठरवतो की आता भटकंती बंद, चार लोकांसारखे पैसे साठवायचे. महापालिकांची जकात गेली तरी नागपूरच्या वाडी नाक्याला आपण अजून नाकाच म्हणतो, त्यामुळे नाक्यावरच्या खुर्चीचा रुबाब काय असतो हे इथल्या वाचकाला वेगळं समजवावं लागत नाही. पण हाच नाकेदार आपल्या वाट्याच्या परसातले बटाटे आणि भाज्या उपटून फेकतो आणि तिथं निवडक फुलं लावतो, बाईला रोज गुच्छ ठेवता यावा म्हणून. वाड्याचा दरवान त्याच्याकडे तिरप्या नजरेनं बघतो, अचानक नशीब उघडल्यामुळे याचं डोकं फिरलं असं त्याला वाटतं. पोरगा त्याच झग्यात, त्याच खुर्चीत बसलेला असतो, पण माणूस बदललेला नाही हे बटाट्यांमुळे कळतं. लेखक यावर एक शब्दही टिप्पणी करत नाही.

याच प्रकरणात हिशेबाच्या वहीचा एक परिच्छेद आहे, तो सावकाश वाचावा. पोरगा आकडे मांडायला बसतो आणि आकड्यांची माणसं होऊ लागतात. आठ म्हणजे कमरेला घट्ट आवळलेली, डोक्यावर रुंद टोप घातलेली जाडी बाई. सात म्हणजे कायम मागं बोट दाखवणारा वाटेवरचा खांब किंवा फाशीचा खांब. नऊ नजर चुकवून उलटा होतो आणि सहा होऊन बसतो. दोन प्रश्नचिन्हासारखा मिश्कील बघतो. शेवटी शून्य, ज्याला सडपातळ एक शेजारी नसेल तर काहीच किंमत नाही. तो एक म्हणजे कोण, हे सांगायला नको. परिच्छेद हिशेबाचा आहे, विनोदी आहे आणि विरहाचाही आहे.

हे आकडे युरोपीय वळणाचे आहेत. देवनागरी ८ ला कंबर नाही, आणि ९ उलटा केला तरी त्याचा ६ होत नाही. म्हणजे मराठीत हा परिच्छेद शब्दाला शब्द लावून नेला की तो मरतो, आणि तळटीप देऊनही जिवंत होत नाही. पण मराठीला ‘छत्तीसचा आकडा’ माहीत आहे. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे, हे चित्र प्रत्येक मराठी डोळ्यात तयार आहे. चांगल्या अनुवादकानं इथं छत्तीसपासून सुरुवात करावी, मग त्रेसष्टपर्यंत यावं, जिथं तेच दोघे तोंडाला तोंड लावून बसतात, आणि शून्य मात्र मूळ जागी ठेवावं. ते दोन्ही लिप्यांत सारखंच एकटं आहे.

आता प्रवासाकडे. बाई दुसऱ्याची आहे असा समज होऊन पोरगा नाका सोडतो, पुढं त्याला घोड्यावरचे दोघे भेटतात. आपण चित्रकार, एक लिओनहार्ड आणि एक ग्वीडो, असं ते सांगतात आणि त्याला सोबत नोकर म्हणून घेतात. नवा कोट मिळतो, टपालगाडीत गाडीवानाशेजारची जागा मिळते आणि इटलीतल्या लोम्बार्डी प्रांतातून गाडी धावू लागते. एका सकाळी मुक्कामाच्या खोलीत दोन्ही चित्रकार गायब असतात. मागं उरते पैशांची थैली, ‘नाकेदारसाहेबांसाठी’ अशी चिठ्ठी लावलेली. गाडी मात्र खाली उभी असते, पुढच्या मुक्कामाला तयार.

हा भाग आजच्या वाचकाला अशक्य वाटतो, कारण टपालगाडीची व्यवस्था आपल्या ओळखीची नाही. ती कळली की प्रसंग चोख बसतो. त्या काळी ठरावीक अंतरावर टपालठाणी असत. प्रत्येक ठाण्यावर थकलेले घोडे सोडून ताजे जुंपत आणि गाडीवानही बदले. जुना गाडीवान आपले घोडे घेऊन माघारी जाई. प्रवासी आणि त्याच्या मार्गाची आगाऊ केलेली व्यवस्था एवढंच पुढं सरकत राही. म्हणजे संपूर्ण मार्ग ठाऊक असलेला एकही माणूस गाडीबरोबर नसे. आपला पोरगा विचारणार कुणाला? दर काही तासांनी नवा माणूस, तोही इटालियन बोलणारा. मार्ग आधीच कुणीतरी ठरवून ठेवला आहे, घोडे जुंपले जाताहेत, तो खातोय, झोपतोय आणि रात्री एका डोंगरावरच्या जुन्या वाड्यात उतरतोय, जिथं त्याची राजासारखी सरबराई होते. का होते, ते इथं सांगत नाही. एवढंच सांगतो की वाड्यातली माणसं त्याला भलतंच कुणीतरी समजत असतात आणि त्यांच्या वागण्यातली एकेक विचित्र गोष्ट शेवटच्या प्रकरणात नेमकी जागेवर बसते.

या कादंबरीचं खरं कसब इथंच आहे आणि मला तिचं मोल वाटतं तेही याचसाठी. नायकाला कुठं जायचं ते ठाऊक नाही, पण लेखकाला प्रत्येक पान ठाऊक आहे. ध्येय नसलेल्या माणसावर लिहिताना बहुतेक लेखक कथाही सैल सोडतात, प्रसंगामागून प्रसंग येतात, कोणताही काढला तरी चालतो. इथं तसं करून बघा. बाल्कनीतल्या रात्रीच्या गाण्याचा प्रसंग काढला तर शेवट अर्धा कळत नाही. वाटेत भेटणारा कुबडा माणूस काढला तर चित्रकार का पळाले ते कळत नाही. सहाव्या प्रकरणातलं पत्र तर कथेचा खिळाच आहे. पोरगा ते स्वतःला आलेलं समजून आनंदानं उड्या मारतो, वाचकही त्याच्याबरोबर फसतो.

रोममधला एक विनोद मात्र आधी सांगितला तरी बिघडत नाही. एक जर्मन चित्रकार त्याला बोलता बोलता लिओनार्दो दा विंची आणि ग्वीडो रेनी या दोन थोर चित्रकारांची नावं सांगतो. पोरगा उसळून म्हणतो, त्यांना तर मी चांगला ओळखतो, त्यांच्याबरोबर प्रवास केलाय मी. चित्रकाराचे डोळे विस्फारतात. लिओनार्दो १५१९ ला गेला, रेनी १६४२ ला. पोरगा इथं थाप मारत नाही, पूर्ण प्रामाणिकपणे बोलतोय. म्हणून हा विनोद टिकला. थापाड्या नायक असता तर तो एका ओळीत विरला असता.

वाचायचं कसं? तीन बैठका कराव्यात. पहिलीत प्रकरण एक आणि दोन, म्हणजे चक्की, बाग आणि नाका. दुसरीत तीन ते सहा, ती मध्येच तोडू नये, कारण पत्र येईपर्यंतचा ताण एका दमात चढतो. तिसरीत सात ते दहा. एका कागदावर पात्रांची नावं नाही, तर कोण कुणाला काय समजतंय ते लिहीत जावं: पोरगा बाईला कोण समजतो, वाड्यातले लोक पोराला कोण समजतात, दरवानाला किती माहीत आहे. सहा-सात ओळींत मावतं. हे न करता वाचलं की दहाव्या प्रकरणात, जिथं सगळा उलगडा एका पात्राच्या तोंडून भराभर होतो, वाचक दोनदा मागं जातो आणि वैतागतो. बहुतेक लोक पुस्तक आवडलं नाही म्हणतात ते याच जागी.

दुसरी अडचण खास आपल्या हवेची आहे. या पुस्तकात ऊन म्हणजे आनंद. ऊन पडलं की पोरगा गातो, खिडकी उघडतो, रस्त्याला लागतो. मे महिन्यात कूलरसमोर बसून हे वाचणाऱ्या नागपूरकराला त्या उन्हाचं सुख लागत नाही, उलट एवढ्या उन्हात हा बाहेर का पडतोय असंच वाटतं. बर्फ वितळवणारं ऊन हे आपल्या पौषातल्या सकाळच्या कोवळ्या उन्हासारखं आहे, गच्चीवर पाठ शेकत बसावं तसलं. शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीत वाचावं. आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात आणि शेतकऱ्याचा तो प्रसंगही जास्त रंगतो.

मूळ जर्मन आणि इंग्रजी अनुवाद दोन्ही प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. इंग्रजीत जुने दोन अनुवाद प्रसिद्ध आहेत, चार्ल्स गॉडफ्री लेलँडचा १८६६ चा आणि श्रीमती ए. एल. विस्टर यांचा. गुटेनबर्गवर जर्मन अभिजात साहित्याच्या मालेतल्या पाचव्या खंडात विस्टरबाईंचा मिळतो, पहिल्या वाचनाला तोच घ्यावा. फोनवर वाचण्यापेक्षा छापून घेतलेला बरा. अख्खा खंड मात्र छापायला देऊ नये, त्यात इतर लेखकांची शेकडो पानं आहेत. या कादंबरीचा मजकूर वेगळा काढावा, अक्षर बाराचं ठेवावं, एका बाजूला दोन बोटं मोकळा समास सोडावा आणि पाठपोट छापून कडेला स्पायरल घालावी. सीताबर्डीत किंवा धरमपेठेत कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात तासाभरात होतं. समास लागतोच, कोण कुणाला काय समजतंय ते तिथंच लिहिता येतं.

इंग्रजीत दोन गोष्टी हरवतात, त्या आधीच माहीत असाव्यात. पहिली, संबोधनं. त्या काळच्या जर्मनमध्ये वरचा माणूस खालच्याशी बोलताना त्याला ‘एर’ म्हणजे ‘तो’ म्हणून हाक मारी. ‘काय, तो कुठं निघालाय?’ असं समोरच्यालाच विचारायचं. बग्गीतल्या बायका, माळी, रस्त्यावरचा शेतकरी अशाच बोलतात. बाप ‘तू’ म्हणतो. नाका मिळाल्यावर ‘नाकेदारसाहेब’ सुरू होतं. म्हणजे पोराची पत कितीनं वर-खाली झाली हे प्रत्येक हाकेत ऐकू येतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत ‘काय रे’, ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ अशा चार पायऱ्या हाताशी आहेत, त्यामुळे मराठी अनुवाद इंग्रजीवरून न करता जर्मनवरूनच व्हावा. इंग्रजीवरून केला तर ही शिडी अनुवादकाला दिसणारच नाही आणि तो सगळीकडे ‘तू’ टाकून मोकळा होईल.

दुसरी, गाणी. पुस्तकात जागोजाग गाणी आहेत आणि ती शोभेला नाहीत. पहिल्याच प्रकरणातलं गाणं, देव ज्याच्यावर खरी कृपा करतो त्याला विस्तीर्ण जगात पाठवतो अशा अर्थाचं, जर्मनीत लोकगीतासारखं गायलं जातं. थिओडोर फ्र्योलिश यानं दिलेली चाल रूढ झाली, पुढं शुमान या जर्मन संगीतकारानंही त्याला चाल दिली. इंग्रजी अनुवादात यमक जुळवण्यासाठी शब्द मागंपुढं ओढलेले दिसतात आणि गाणं लंगडतं. त्यावर उपाय म्हणजे गाण्यापाशी वाचन थांबवून मूळ जर्मन गाणं ऐकावं. तीन-चार मिनिटांत समजतं की बग्गीतल्या बायकांनी गाडी का थांबवली असेल. नवव्या प्रकरणात वाद्यं घेऊन सुट्टीत भटकणारे प्रागचे विद्यार्थी लॅटिन धृपद असलेलं गाणं म्हणतात, तेही असंच ऐकून मग वाचावं.

आता जे पटत नाही ते. रोम खरं नाही. पोरगा लांबून शहर पाहतो तेव्हा समुद्र चमकताना दिसतो आणि शहर झोपलेल्या सिंहासारखं पसरलेलं. चित्र सुंदर आहे, पण लेखकानं ते सायलेशियात आणि कचेरीत बसून पाहिलंय. रस्ते, घरं, माणसांची बोली यांतलं काहीही हाताला लागत नाही. प्रवासवर्णन म्हणून कुणी हे उचलेल तर निराश होईल. सातवं आणि आठवं प्रकरण त्यामुळे सैल पडतं, बागेतल्या मेळाव्याचा प्रसंग तर गरजेपेक्षा लांबला आहे. बायकांची पात्रं दुरून पाहिलेली आहेत. जिच्यासाठी हा एवढा फिरतो ती शेवटच्या प्रकरणापर्यंत जवळजवळ बोलतच नाही. एका बाईला मात्र लेखकानं पुष्कळ वाव दिला आहे, पण कोणाला ते सांगितलं तर गोष्टच फुटेल. पोरगा रडतोही फार. पहिल्या प्रकरणात तळ्यावर होडीतल्या मंडळींना गाणं म्हणून दाखवल्यावर तो गवतात पडून रडतो, ते पटतं. चौथ्या-पाचव्या वेळी कंटाळा येतो.

मुलांना द्यायचं तर नववी-दहावीपासून चालेल. आक्षेपार्ह काही नाही. वर्गात मोठ्यानं वाचायला तिसरं प्रकरण उत्तम आहे, त्यात इटलीची वाट, दरोडेखोरांच्या भीतीनं झाडावर चढणं आणि गावातला नाच असं सगळं आहे. शिक्षकांनी एक पथ्य पाळावं, पहिल्याच तासाला पोरगा आळशी की कष्टाळू हा प्रश्न फळ्यावर लिहू नये. तो लिहिला की मुलं बापाची बाजू घेतात, आणि मग बटाट्यांच्या जागी फुलं लावण्याचं दृश्य त्यांना नुसता मूर्खपणा वाटतं.

घ्यावं की नाही हे ठरवायला सगळं वाचायची गरज नाही. दुसऱ्या प्रकरणाची पहिली आठ-दहा पानं वाचावीत, लाल झग्यापासून हिशेबाच्या वहीपर्यंत. अर्धा तास लागतो. शून्य आणि एकच्या ओळीपाशी डोळे थांबले तर छपाईला द्यावं.